चौथ्या लेनची भिंत

"कोलांटी येत नसेल तर तिसऱ्या लेनमध्ये या, मिसेस कोस्किनेन. पाटी वाचलीत ना?" ब्रेंट काठावर उकिडवा बसून म्हणाला. दोन महिन्यांपूर्वीच तो आमच्या पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक झाला होता.

आयली कोस्किनेनने चौथ्या लेनच्या भिंतीवरचा हात काढला नाही. तिने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवला.

"पोरा, मी या लेनमध्ये पोहायला लागले तेव्हा तू दुपट्यात होतास."

"मान्य. पण गेल्या आठवड्यात ग्रेगची टाच तुमच्या मनगटावर बसली. तो कोलांटी मारून वळतो, तुम्ही भिंतीशी थांबता. उद्या हाड मोडलं तर?"

"हाड माझं आहे. ग्रेगने टाच सांभाळावी."

मी शेजारच्या तिसऱ्या लेनमध्ये होतो. ब्रेंटचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शिवाय आयली माझ्या लेनमध्ये आली असती तर मला आवडलंच असतं, आणि ते आवडलं असतं याचीच लाज वाटून मी तोंड उघडलं नाही. तीस वर्षं इथल्या, थंडर बे शहराच्या वाचनालयात मी पुस्तकांना क्रमांक लावले. माणसांसमोर बोलायचं राहूनच गेलं.

आयली शाळेची बस चालवायची. आता सदुसष्ट वर्षांची आहे, तरी पाण्यात तिला मागे टाकणारे इथे दोघेतिघेच. तिचा नवरा रेनो बंदरावरच्या धान्याच्या कोठारात कामाला होता. तो माझ्या लेनमध्ये पोहायचा, म्हशीसारखा, सावकाश. त्याची एक फेरी होईपर्यंत तिच्या दोन व्हायच्या. मग भिंतीशी दोघांची गाठ पडायची आणि दर गाठीला एक वाक्य व्हायचं. "छप्पर गळतंय." पुढच्या गाठीला तो म्हणायचा, "माहितेय." त्याच्या पुढच्या गाठीला ती, "मग?" एक भांडण मिटायला किलोमीटरभर पोहावं लागायचं. रेनो जाऊन दोन वर्षं झाली. ती अजून भिंतीशी थांबते, एक श्वासभर. कोलांटी मारणाऱ्याचं डोकं भिंतीपाशी पाण्याखालीच असतं.

त्या दिवशी सौनाच्या गरम खोलीत ती मला म्हणाली, "वॉल्टर, मला कोलांटी शिकायचीय."

"म्हणजे तुम्ही ऐकणार त्याचं?"

"तू पुस्तक आण. फाटे फोडू नकोस."

मी पुस्तक आणलं. दुपारी तलाव रिकामा असताना काठावर टोपी घालून बसलो आणि वाचून दाखवू लागलो. मला स्वतःला कोलांटी येत नाही, तेव्हा पुस्तकापलीकडे माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. "तळावरची आडवी रेघ दिसली की हनुवटी छातीला टेकवा आणि गोल फिरा."

ती फिरली आणि ठसकत वर आली. "नाकात गेलं! नाकाबद्दल काय लिहिलंय?"

"नाकातून हवा सोडत राहा."

"मग आधी सांगायचं ना!"

"ते पुढच्या पानावर आहे."

"तुझं लग्न का झालं नाही ते कळलं मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती फार अलीकडे वळली. पायांना भिंत सापडलीच नाही, नुसत्या पाण्याला लाथ बसली. मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी पान उलटलं. असे तीन आठवडे गेले.

मग एका सोमवारी सकाळी तिने ब्रेंटला काठावर बोलावलं. पहिली फेरी संपताना तिने कोलांटी मारली, पायाचे तळवे भिंतीवर थपकन बसले आणि ती पाण्याखालून लांबवर निघाली. ग्रेगने शीळ घातली. पलीकडच्या टोकालाही तसंच. ब्रेंट टाळ्या वाजवू लागला. ती परत आली, कोपऱ्यात सरकली, उघडा पंजा भिंतीवर ठेवला आणि तोंड वर काढलं.

"दमलात?"

"नाही."

"मग थांबलात का? छान येतेय की तुम्हाला!"

"येतेय. आता ती मी मारणार नाही."

"पण पाटीवर—"

"पाटीवर 'कोलांटी येणाऱ्यांसाठी' असं लिहिलंय," कुणीतरी म्हणालं. "'मारणाऱ्यांसाठी' नाही."

तो मीच होतो. माझा आवाज छताला लागून परत आला आणि मला बुडी मारावीशी वाटली.

ब्रेंटने पाटीकडे पाहिलं. मग ग्रेगकडे.

"मधली भिंत माझी, कोपरा त्यांचा," ग्रेग म्हणाला. "मला चालेल. मनगटाचं सॉरी, आयली."

"टाच कशी आहे?" तिने विचारलं.

मंगळवारी आयलीने त्या पाटीवर आपला टॉवेल वाळत घातला. तो रेनोचा, विटलेला, हिरव्या काठाचा. ब्रेंट फिरत आला. टॉवेल एका बाजूने घसरत होता. त्याने तो नीट केला आणि पुढे गेला.

कोपऱ्यात आयली श्वासभर थांबली. तिच्या शेजारचा, दोन लेनमधल्या दोरीच्या अलीकडचा माझ्या लेनचा कोपरा रेनोचा. तिथे पोचलो की हल्ली मी हातभर अलीकडेच वळतो.