कुत्र्यांच्या दारावरचा दगड

"म्हणे प्राचीन! या मॅकेलरांच्या घरात वरच्या मजल्यावरचा संडास तेवढा प्राचीन आहे," चहासोबतच्या स्कोन-पावांचं पीठ थापता थापता ऊना पुटपुटली.

एफी गिलिस हसली नाही. बावीस वर्षं ती लोकांना त्यांचा ड्रमफर्नचा किल्ला दाखवत आली होती. उद्यापासून ती घरी बसणार, आणि आज तिचा आवाज यंत्रात भरून ठेवणार. ती मेल्यावरही तो पर्यटकांच्या कानात बोलत राहणार.

सांगायचं होतं तरी काय? पहिल्या मॅकेलरने गुरं चोरून बुरूज बांधला. मधल्यांनी तो दारूत बुडवला. पुढच्या एकाने बायकोच्या माहेरच्या पैशावर शेजारी हवेली उठवली आणि खोऱ्यातली माणसं हाकलून तिथे मेंढरं सोडली. एवढ्याशा कर्तबगारीला भिंतभर तसबिरी!

किल्ल्याचे आजचे मालक सर इव्हँडर मॅकेलर यंत्र घेऊन आले. ऊनाचं हे चहाचं दुकान म्हणजे किल्ल्याचं जुनं कुत्रेघर. दाराच्या माथ्यावर आडवा दगड, त्यावर दोन नावांची आद्याक्षरं, मधे बदाम, खाली १७९१.

"एफी, इथे जरा गहिवरून हं. माझ्या पूर्वजाचं गुपचूप लागलेलं लग्न! लोक अमेरिकेहून येतात स्कॉटलंडची प्रेमकथा ऐकायला."

"आणि लग्नाचा दगड कुत्र्यांच्या दारावर कसा, असं कुणी विचारलं तर?"

"यंत्राला कोण विचारतंय!" सर स्वतःच्याच विनोदावर खूश झाले.

लग्न झालं की नव्या घराच्या दारावर असा दगड कोरायचा, ही रीत शेतकऱ्या-कारागिरांची. किल्लेवाल्यांची नव्हे. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. पण कुणाचा नवरा किल्ल्यावर माळी, कुणाची लेक स्वयंपाकात; सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. बावीस वर्षं एफीनेही.

यंत्रावर लाल दिवा लागला.

"हे लग्न..." एफीचा घसा दाटला.

"वा! छान जमतंय," सर कुजबुजले.

"बोल की गं बाई," मागून ऊना म्हणाली.

"हा दगड डूगल आणि मार्सली गिलिसच्या घराचा," एफी सरळ यंत्रात बोलली. "माझ्या माणसांच्या. ती दोघं म्हातारी झाल्यावर तुमच्या वाडवडलांनी त्यांचं छप्पर जाळलं. ती दोघं उघड्यावर मेली, आणि त्यांच्या दारावरचा हा दगड तुम्ही कुत्र्यांना दिलात, सर."