चाळीसच्या पुढे रडणारा रुबिएल

सान्तियागोच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी त्या रविवारी सकाळी शंभर-दीडशे माणसं जमली होती, ती सगळी एका जुन्या मोटारसायकलचं रडणं ऐकायला. गाडी उतारावरून यायची. भिंतीजवळच्या वळणावर पोचली की हँडलपाशी ‘कीईई’ असा बारीक, लांबलचक सूर निघायचा, स्पीडोमीटरचा काटा वीस आणि साठच्या मध्ये थरथरायचा आणि बायका छातीवर क्रूस काढायच्या. शेंगदाणेवाल्याचा धंदा मात्र जोरात होता.

काय तर म्हणे, रुबिएल रडतोय. रुबिएल म्हणजे गाडीचा मालक. वर्षापूर्वी याच वळणावर गाडीवरून पडून वारला. त्याच्या बायकोनं, ओलिम्पियानं, गाडी दुरुस्त करून घेतली आणि त्या चढउतारांच्या शहरात ती स्वतःच मागे बसवून भाड्यानं माणसं नेऊ लागली. डिसेंबरात गाडी रडायला लागली, तीही नेमकी याच वळणावर, आणि कोणीतरी एव्हारिस्तो बाबाला गाठलं.

बाबा आधी सिमेंटच्या गोदामावर पहारेकरी होता. एके दिवशी मेलेली माणसं त्याच्याशी बोलू लागली. ज्यांच्या घरात घेण्यासारखं काही आहे, त्यांच्याच घरची बोलत.

दातांच्या डॉक्टर निदिया बेरेंगेर गर्दीत हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या रोज ओलिम्पियाच्या गाडीवरून दवाखान्यात जायच्या. तीन आठवडे ती आली नव्हती, म्हणून चौकशीला आल्या तर समोर हा तमाशा.

नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतला बाबा पुढे झाला. त्यानं तोंडात रम भरून गाडीच्या दिव्यावर फवारा मारला. घेतलेली सगळी रम काही बाहेर आली नाही, हे निदियांनी पाहिलं. मग चिरुटाचा धूर सोडून त्यानं पुढच्या चाकावर पांढरा रुमाल पसरला आणि रुमालाखाली हात घालून तो बराच वेळ पुटपुटत बसला. शेवटी हाताच्या इशाऱ्यानं त्यानं आपल्या भाच्याला गाडी पुन्हा उतारावरून आणायला लावली.

वळण आलं, गेलं. आवाज नाही. काटा शून्यावर गपगार. लोकांनी सुस्कारा टाकला.

“निजला,” बाबा ओलिम्पियाकडे वळून म्हणाला. “पण पोरी, तू पुन्हा या गाडीवर बसलीस की तो जागा होईल. तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. गाडी परक्या दारात गेली पाहिजे. माझं अंगण आहे. ओझंच आहे, पण उचलीन.”

ओलिम्पियानं किल्ली काढली. पोटावर पाय येणार हे तिला कळत होतं, पण तिचा चेहरा पडला होता तो त्यामुळे नव्हे. आपण गाडी पळवत होतो आणि नवरा तळमळत होता, हे तिनं खरं मानलं होतं. निदियांचं डोकं फिरलं. गाडी लुबाडणारे चोर त्यांनी पाहिले होते. बाईला तिच्याच दुःखाची भीती घालणारा हा त्यांच्याहून हलकट होता.

“बाबा,” त्या पुढे होत म्हणाल्या, “गाडी पळत होती आणि मीटर शून्यावर? ते कसं?”

“आत्म्याला वेग नसतो, डॉक्टरीणबाई.”

निदियांनी खाली वाकून पाहिलं. चाकातून मीटरकडे जाणारी केबल नुसती लोंबत होती. ती चाकाला जोडणारी आट्यांची चकती बोटांनी सुटण्यासारखीच होती, आणि रुमालाखाली तेवढंच काम झालं होतं. त्यांनी केबल परत बसवली, ओलिम्पियाला गाडीवर बसवलं आणि स्वतः मागे बसल्या. बंदराकडच्या सरळ रस्त्यावर त्यांनी तिला वेग वाढवायला लावला. चाळीसच्या पुढे जाताच ‘कीईई’ सुरू झालं.

“रुबिएल इथं गेला का गं?”

“नाही.”

“मग इथं कोण रडतंय? अगं, गावभर खड्डे. तू तीसच्या वर जातेस कुठे? फक्त त्या उतारावर.”

परत आल्यावर त्यांनी केबलमधली पिळाची तार सगळ्यांसमोर ओढून काढली. कोरडी ठणठणीत, वर गंज. “माझ्या दवाखान्यातलं दात कोरायचं जुनं यंत्र अशाच तारेवर चालायचं आणि असंच किंचाळायचं. लोक खापर माझ्यावर फोडायचे.” त्यांनी तार शेंगदाणेवाल्याकडच्या रॉकेलनं पुसली आणि गाडीच्या हत्यारांच्या डबीतलं बोटभर ग्रीस चोळलं. मीटरकडची वीतभर तार मात्र कोरडीच ठेवली, नाहीतर ग्रीस वर चढून काटा अडकतो.

“रुबिएल स्वतः माझ्याशी बोलला,” बाबा पुटपुटला. “ढसाढसा रडत होता.”

ओलिम्पियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. “अकरा वर्षं संसार केला मी त्याच्याशी. माझा रुबिएल कधी रडला नाही, शिव्या घालायचा. मला तिथंच कळायला हवं होतं.”

गर्दी हसली. मघाशी क्रूस काढणाऱ्या बायकाही हसल्या, म्हणून निदिया सगळ्यांवरच घसरल्या. “हसताय काय? तीन आठवडे ही बाई घरात कुढत बसली आणि तुम्ही शेंगदाणे खात मजा बघितलीत. एकानंही वाकून चाकाकडे पाहिलं नाही. आवाज आला तर आधी काय घासतंय ते बघा. डोळे दिलेत, बोटं दिलीत, वापरा की. आणि दुःखातल्या माणसाला कोणी मेलेल्याचा निरोप सांगायला आला, तर तो त्या घरातलं काय मागतोय ते आधी विचारा.”

बाबा रुमाल तिथंच टाकून सटकला होता.

निदियांना मागे बसवून ओलिम्पिया उतारावरून निघाली. काटा पंचेचाळीसवर स्थिर होता, वळणावर इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. तिथं तिनं गाडी कडेला घेतली, भिंतीला टेकली आणि नवऱ्यासाठी मनमोकळं रडली. निदिया शेजारी उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून ओलिम्पियानं विचारलं, “डॉक्टर, उद्या सातला येऊ ना?”