डॉक्टरांचं अक्षर

“सरला, शब्द द्यायचा तो नेमासारखा. सोयीने पाळला तर त्याला नेम म्हणत नाहीत,” दुकानाची किल्ली हाती देताना सासरे, मोरोपंत, म्हणाले होते.

मध्य प्रदेशात, देवासातलं त्यांचं औषधांचं दुकान चाले ते समोरच्या डॉक्टर दत्तोपंतांच्या अक्षरावर. अक्षर कसलं, शेवया सांडलेल्या! बाकीचे दुकानदार चिठ्ठी उलटसुलट करून म्हणत, “मोरोपंत के यहाँ जाओ, भिया.” मोरोपंतांच्या मागे ते अक्षर लावायची विद्या सरलाकडे आली.

२००६ साली कारखान्याने नियम काढला: कामगारांना औषधाचे पैसे हवेत तर चिठ्ठी कॉम्प्युटरवर छापलेली हवी. दत्तोपंतांच्या दवाखान्यातलं बाक ओस पडलं.

“या वयात बटणं बडवू? दवाखाना मिटतो झालं,” ते म्हणाले.

सरलाने मनाशी हिशेब केला. दवाखाना मिटला की दुकानही मिटलंच.

“कॉम्प्युटर घ्या, काका. पूजा आटोपून मी रोज येईन. तुम्ही सांगा, मी टाइप करीन. तुमचा हात बसेपर्यंत.”

“माझा हात बसायचा नाही हो.”

“मग बसत नाही तोवर येत राहीन.”

सोमवारी बाक पुन्हा भरलं. सरलाचा सोमवारचा उपास; उपाशीपोटीच तिने सकाळभर चिठ्ठ्या छापल्या, हातोहात दिल्या. दुपारी दुकानात आली तर लेक सृष्टी एकटीच बसलेली.

“गर्दी ओसरली का गं?”

“झालीच नाही, आई. कोणीच आलं नाही.”

तेवढ्यात कारखान्यातला पियूष समोरून गेला. हातात बसस्टँडवरच्या दुकानाची पिशवी. तो ओशाळला.

“काकू, वो डिस्काउंट देता है ना. आधी त्याला डॉक्टरसाहेबांचं अक्षर वाचताच येत नव्हतं, म्हणून इथे यावं लागायचं. अब तो कोई भी पढ़ लेगा.” मग हसून म्हणाला, “आम्ही समजायचो, तुमची डॉक्टरसाहेबांशी कमिशनची सेटिंग आहे.”

सरलाने काउंटर घट्ट धरला. कपाटांत औषधं तशीच होती, पाट्या तशाच होत्या. आपल्याच हातांनी आपण गिऱ्हाईक वाटून आलो, हे तिच्या डोक्यात शिरेचना.

“उद्या जाऊ नकोस,” सृष्टी हळूच म्हणाली. “त्यांना म्हणावं, हातानेच लिहा.”

“मग त्यांच्याकडे कोण येईल?”

“आणि आपल्याकडे?”

संध्याकाळी सरलाने उपास सोडला.

सकाळी तिने तुळशीला पाणी घातलं, देवापुढे दिवा लावला, किल्ली सृष्टीच्या हाती दिली. मग पदराने चष्मा पुसून तिने दत्तोपंतांच्या दवाखान्याकडे रस्ता ओलांडला.