चिठ्ठीवरची गुरमेल

आश्लेषाने मोहालीची आयटीतली नोकरी सोडली, तेव्हा वर्षभरात तिचं खूळ उतरेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. चंडीगडजवळच्या गावांतल्या चाळीस बायकांची फुलकारी भरतकामाची सहकारी संस्था तिने उभी केली, न्याय्य व्यापाराचं प्रमाणपत्र मिळवलं, परदेशी खरेदीदार गाठला. सेक्टर १७ मधल्या छोट्याशा कार्यालयात ती स्वस्थ अशी कधी बसलीच नाही.

या खेपेला खरेदीदाराला प्रत्येक ओढणीसोबत एक चिठ्ठी हवी होती. त्यावर भरतकाम करणारीचा फोटो आणि तिची कहाणी. आश्लेषाने एका बैठकीत बारा कहाण्या लिहून टाकल्या. नमुने छापून आले आणि दुसऱ्याच दिवशी गुरमेल कौर दारात उभी राहिली. ती संस्थेतली सगळ्यांत जुनी बाई. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने आईला तिची चिठ्ठी वाचून दाखवली होती. नवऱ्याने टाकलेली, दोन घासांना महाग झालेली, सुईने वाचवलेली बाई.

“मॅडमजी, इसमें मैं कहाँ हूँ?”

“आपने ही तो बताया था,” आश्लेषा म्हणाली.

“आपको बताया था. दुकान को नहीं.”

घरी आश्लेषाला काही सुचेना. तिने कपाट आवरायला काढलं, अर्ध्यावर सोडलं.

“अगं, दोन वाक्यं बदल आणि पाठव,” तिचा नवरा देवदत्त म्हणाला. “ऑर्डर हातची जाईल.”

“वाक्यांचं नाही रे.”

गुरमेलची हीच कहाणी तिने दिल्लीच्या परिषदेत सांगितली होती. लोकांचे डोळे भरून आले होते, आणि तिला ते आवडलं होतं.

रविवारी तिने सभा बोलावली. चिठ्ठ्या नाकारल्या तर काम जाऊ शकतं, हे स्पष्ट सांगितलं. एकेकीला एक मत, हा नियम तिनेच घातलेला. कामाची गरज बघून बायका चिठ्ठ्यांना हो म्हणतील, असा तिचा अंदाज होता. एकतीस हात विरोधात वर गेले.

खरेदीदाराचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. नऊही दिवस ती फोन उलटा ठेवायची आणि पुन्हा सरळ करायची. शेवटी त्याने निम्माच माल घेतला, कहाण्यांशिवाय. काम कमी पडलं. दोघी जणी संस्था सोडून एका व्यापाऱ्याकडे मजुरीला गेल्या. तिला कुणी बोल लावला नाही, तेच तिला जास्त लागलं.

चिठ्ठीवर आता काय लिहायचं, हे विचारायला ती गुरमेलच्या अंगणात गेली. गुरमेलने सुई कापडात टोचून ठेवली.

“नाम लिखो, गाँव लिखो. और कितने दिन लगे, वो लिखो. इकहत्तर.”

आश्लेषाने लिहून घेतलं.

“रुको,” गुरमेल म्हणाली. “तीन दिन बुखार था. अड़सठ लिखो.”