रिकामी बाटली घेऊन या

काळाचौकीच्या सुंदराबाईंचं पत्र येऊन तीन वर्षं होत आली, तरी डॉक्टर अच्युत राजाध्यक्षांनी उत्तर दिलं नव्हतं. "तुमाला मत दिलं आन् दवाखान्याला कुलूप लागलं. आता खोकल्याचं औषद कुनाकडून घेऊ?" एवढंच त्यात होतं.

सत्तावन्न साली डॉक्टर समितीकडून आमदार झाले. लालबागच्या सभेची गर्दी पाहून आपण फर्डे वक्ते आहोत, असा त्यांचा समज झाला होता. लोकांच्या हातांत औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत, हे भाषण संपल्यावर दिसलं.

विधानसभेत मात्र त्यांची वाचा बसली. ते एकदाच बोलले, तेही शेजारचे आमदार खोकले म्हणून: "कफ पडतो का?"

सुंदराबाईंना लिहायला बसले की "मायबाप मतदारहो" अशी सुरुवात व्हायची आणि कागद टोपलीत जायचा.

अखेर महाराष्ट्र झाला. रोषणाई पाहून घरी आल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, राज्य मिळालं. आता तरी त्या बाईंना उत्तर द्या."

"काय लिहू? मी तिथे केलं काय?"

"ते त्यांनी विचारलंय कुठे? खोकल्याचं विचारलंय."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी कार्ड लिहिलं: "सोमवारपासून रोज संध्याकाळी दवाखान्यात बसेन. रिकामी बाटली घेऊन या."

बाई एव्हाना दुसऱ्या डॉक्टरकडे जात असतील, आणि बऱ्याही झाल्या असतील, अशी शंका त्यांना जिन्यातच आली. ती बळावण्याआधी त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकून दिलं.