पुस्तकाच्या पोटातली अक्षरं

मी एक फॉन्ट बोलतोय. ई-पुस्तकाच्या पोटात बसून नाना तऱ्हेच्या यंत्रांवर फिरणारा.

माझा जन्म बस डेपोमागच्या खोलीत, मोठ्या माणसांच्या वाचनवर्गात झाला. तिथे पंचेचाळिशीचा एक ड्रायव्हर यायचा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' समोर आले की त्याची गाडी अडायची. तो वाचायचा, "मी नवीन धर बांधलं." वर्ग हसायचा. तोही हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

शिकवणाऱ्या बाईंनी मग स्वतः अक्षरं काढली. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावरची गाठ टपोरी केली, शिरोरेषेतली फट रुंद ठेवली. त्यांच्या भाचीने त्या अक्षरांचा फॉन्ट केला आणि बाईंच्या गोष्टींच्या ई-पुस्तकात घातला. तो मी! बाईंच्या टॅबलेटवर मी काय झोकात दिसलो!

मग सगळ्यांना पाठवायला फाईल हलकी हवी म्हणून भाचीने माझी काटछाट केली.

ड्रायव्हरकडे लेकीने दिलेलं वाचनयंत्र होतं. त्याने पुस्तक उघडलं आणि पडद्यावर यंत्राचाच फॉन्ट येऊन बसला. मी आत नुसता तडफडत होतो. पहिल्याच ओळीला त्याची गाडी अडली.

"बाई, माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. उद्यापासून येत नाही."

बाईंनी यंत्र हातात घेतलं. "अहो दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. ही अक्षरं माझी नाहीतच!"

भाची धावत आली. तिने यादीतून 'पुस्तकाचा फॉन्ट' निवडला. मी बाहेर आलो, पण लंगडत. काटछाटीत माझी जोडाक्षरं गेली होती. 'रस्ता' मधोमध तुटला होता.

"मावशी, मीच माती खाल्ली," भाची म्हणाली.

तिने मला अख्खाच्या अख्खा परत बसवला. वर्गातले फोन, टॅबलेट, वाचनयंत्रं, एकेक उघडून पाहिलं. एका जुन्या यंत्राने मला शेवटपर्यंत दारात उभं केलं नाही. त्याच्या मालकिणीला तिने पानं छापून दिली. बाकी सगळीकडे मी ताठ मानेने उभा राहिलो. त्या आठवड्यात ड्रायव्हरने अख्खं पान न अडखळता वाचलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

आज मी साठ जणांच्या हातात आहे. एकच मागणं आहे. वाचताना अडलात तर लगेच स्वतःला बोल लावू नका. आधी फॉन्टची यादी उघडा. मी तिथेच असतो.

परवा संध्याकाळी ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पुस्तकातली एका मुलीची गोष्ट मोठ्याने वाचत होता. भाजी चिरता चिरता बायकोचा हात थांबला. आपण पुन्हा चुकलो की काय, म्हणून तो थांबला.

"अहो, का थांबलात?" ती म्हणाली. "पुढे काय झालं तिचं? वाचा की!"

त्याने पान उलटलं.