मशीनमागचं गाठोडं

गाठ हाताने सुटेना, तेव्हा कोकिळाने ती दातांनी सोडली. शिलाई मशीनच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलेलं हे गाठोडं तिला आत्ताच दुकान झाडताना सापडलं होतं, आणि तिने ते आत आणलं होतं. बाकीच्या सगळ्या चिंध्या पोत्यात होत्या. तीस वर्षांच्या टेलरकीत तिच्या नवऱ्याने, वासुदेवरावांनी साठवलेल्या, लाल, पिवळ्या, बुट्ट्यांच्या, जरीच्या. त्यातूनच निवडून ती चार दिवसांपासून दीड महिन्याच्या नातीसाठी गोधडी शिवत होती. बाळंतपणाला आलेली मुलगी, आकांक्षा, रविवारी हिंगणघाटला, सासरी जायची होती, आणि बाळ गोधडीशिवाय आजोळातून निघू नये असा या घरचा रिवाज. कडेचे टाके झाले होते. मधल्या चौकोनाला काहीतरी झगझगीत हवं होतं.

गाठोड्यात ब्लाउजची कापडं निघाली. पण पोत्यातल्यासारखे वेडेवाकडे तुकडे नव्हेत. सरळ कापलेले, घडी घातलेले. डाळिंबी, अबोली, चॉकलेटी. कोकिळाला ओळखायला वेळ लागला नाही. दुकानातल्या प्रत्येक ब्लाउजची हुक-तुरपाई तिच्याच हाताखालून जायची. हे सगळे ब्लाउज दामिनी मॅडमचे होते.

दामिनी मॅडम शाळेत शिकवायच्या. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मॅडम आल्या की वासुदेवराव हमखास हाक मारायचे, "कोकिळा, चहा टाक." ती चहा घेऊन येईपर्यंत मॅडम निघूनही गेलेल्या असायच्या. इतक्या वर्षांत मॅडमने एकदाही चहा घेतला नव्हता, हे कोकिळाच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं. मनात पाल चुकचुकली. साठीला टेकलेल्या नवऱ्यावर संशय घ्यायची तिला लाजही वाटली, पण संशय काही वय विचारून येत नाही.

ती तुकडे घेऊन पुढच्या खोलीत गेली.

"अहो, हे कोनाचे कापडं होत?"

वासुदेवराव काज करत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ते राहू दे. गोधडीले ते नको घेऊ."

"काऊन?"

"नको घेऊ म्हनलं ना."

हा माणूस एरवी गिऱ्हाईकाशीसुद्धा इतकं तुटक बोलत नसे. कोकिळा दारातच उभी राहिली.

"साऱ्या बायांच्या चिंध्या पोत्यात, अन् मॅडमच्या घडी घालून मशीनमागं. मले काय दिसत नाई? मले चहा टाकाले धाडत होते, ते याच्यासाठीच ना?"

"हो. याच्यासाठीच."

ते उठले, रस्त्याकडचं दार लोटून आले आणि आवाज खाली आणून बोलले.

"तिचा नवरा तिच्यावर हात चालवते. कधी बाही फाटते, कधी गळा. दुसऱ्या दिवशी तिले शाळेत जा लागते. त्याच कापडाचा तुकडा असला तं जोड दिसत नाई. म्हनून तिचा ब्लाउज बेततानाच थोडा वाचवून ठेवतो. कोनाले सांगू नका म्हने. नाई सांगतलं."

इतकी वर्षं मॅडमच्या ब्लाउजना कोकिळाने स्वतः हुक लावले होते, आणि आज त्यांच्यावरच संशय घेतला होता. स्वतःचीच तिला शरम वाटली. ती आत गेली आणि उघडं पडलेलं गाठोडं आवरायला बसली.

तळाशी आणखी एक घडी होती. मोरपंखी, बारीक सोनेरी किनारीची. ती मात्र मॅडमची नव्हती. मागच्या दिवाळीत आकांक्षासाठी हे कापड कोकिळाने स्वतः वर्ध्याहून आणलं होतं.

ते हातात घेऊन ती उठली. मग पुन्हा पुढच्या खोलीत आली.

"हे याच्यात कसं?"

वासुदेवरावांनी कात्री उचलली, परत ठेवली.

"कवापासून?" कोकिळाने विचारलं.

"संक्रांतीले आली होती ना, तवा. बाही उसवली म्हने. उसवली नव्हती, फाटली होती. पोत्यातून तुकडा शोधला. उरला तो तिथं ठेवला."

"काऊन ठेवला?"

"पुन्हा लागन म्हनून."

"अन् तुमी शिवून देल्लं."

"जोड दिसली नाई कोनाले," ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांची मान खाली गेली.

"अन् पोरीले वापस धाडलं! पोटुशी होती ती!"

समोर पडलेली कात्री भिंतीवर फेकून मारावी असं कोकिळाला वाटलं. नवऱ्याचा एवढा राग तिला कधीच आला नव्हता. दुसरी बाई निघाली असती तर तो तिने गिळला असता, हा तिला गिळता येत नव्हता.

आतल्या खोलीत आकांक्षा बाळाला पाजत होती. आईच्या हातातलं कापड तिने पाहिलं आणि पदर सारखा केला.

"रविवारी तुले जायचं हाय काय?" कोकिळाने विचारलं.

आकांक्षाने बाळाला खांद्यावर घेतलं.

"गोधडी कुठं पुरी झाली अजून, आई."

"गोधडी होवो का न होवो. तुले जायचं हाय काय?"

"नाई."

एवढंच ती बोलली. कोकिळाने खाटेवरचा फोन उचलला, पुढच्या खोलीत नेला आणि नवऱ्यासमोर, मशीनवर ठेवला.

"लावा जावयाले."

"काय सांगू? गोधडी व्हायची हाय म्हनतो. आठ-पंधरा दिवस..."

"गोधडीचं नाव नका काढू."

वासुदेवरावांनी चष्मा पुसला आणि नंबर लावला. पलीकडे धनंजयने लगेच उचलला. गाडी सांगून ठेवलीय, सकाळी दहापर्यंत पोचतो, असं काहीतरी तो सांगत होता. वासुदेवरावांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"धनंजयराव," ते म्हणाले, "रविवारी येऊ नका. पोरगी येत नाई."

मग फोनमधला आवाज कोकिळालाही स्पष्ट ऐकू आला.

"काऊन? काय झालं?"

वासुदेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, काही सुचवलं नाही.

"तुमाले माहीत हाय," ते म्हणाले.